गाडीला हायड्रोजन किट बसवण्याआधी विजेचा हिशेब करा

परभणीहून भाच्याचा फोन आला. त्याची टुरिस्टची गाडी आहे, बाराशे सीसीची, पेट्रोलवरची. हप्ते अजून अडीच वर्षं चालणार आहेत. "मामा, पाण्यापासून हायड्रोजन बनवणारं किट अठरा हजाराला द्यायलेत. ॲव्हरेज पाच किलोमीटरनं वाढतं म्हणायलेत. बसवू का?"

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. पण नुसतं 'नको' म्हणून भागणार नव्हतं, कारण तो डोळ्यांनी पाहून आला होता. एका कृषी प्रदर्शनाच्या स्टॉलवर किट बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडलेलं होतं. पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते, ते साबणाच्या फेसात सोडले आणि लायटर नेला की फट्ट आवाज होऊन फेस उडायचा. असं समोर पाहिलेल्या माणसाला हे खोटं आहे म्हणणं चूकच ठरेल, कारण ते खोटं नाही. गॅस खरा आहे, तो पेटतोही. प्रश्न एवढाच आहे की तो गॅस तयार करायला किती पेट्रोल जातं, आणि त्या गॅसमधून किती पेट्रोल वाचतं. हा हिशेब त्याला सांगितला, तोच इथे मांडतो. आपल्याकडे सीएनजीचे पंप अजून गावोगाव झालेले नाहीत, पेट्रोलचा खर्च अंगावर येतो, आणि हप्त्यावर गाडी चालवणाऱ्याला अठरा हजार ही लहान रक्कम नाही.

किटच्या डब्यात काय असतं

स्टेनलेस स्टीलच्या काही प्लेटा, मधे रबरी गॅस्केट, आणि त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक पोटॅश घातलेलं पाणी. नुसत्या शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही, म्हणून ते कॉस्टिक. बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेमार्गे वीज प्लेटांना जाते, पाणी फुटतं, दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन निघतो. हे मिश्रण बबलर नावाच्या पाण्याच्या बाटलीतून जाऊन एअर फिल्टरच्या पुढे इंजिनच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत ओढण्याच्या वाटेत, शिरतं. विकणारे त्याला एचएचओ किंवा ब्राउन गॅस म्हणतात.

यात नवा शोध काही नाही. विजेने पाणी फोडण्याचा प्रयोग निकोल्सन आणि कार्लाइल यांनी लंडनमध्ये १८०० साली केला, आणि किती विजेला किती गॅस निघतो याचा नियम फॅरेडेने १८३० च्या दशकात बांधून दिला. हा नियम फार कामाचा आहे. प्लेटा कुठल्या देशातून आणल्या, डबा कितव्या पिढीचा आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. किती अँपिअर करंट जातो आणि एकापुढे एक किती सेल, म्हणजे प्लेटांच्या जोड्या, आहेत, एवढ्यावर गॅसचं माप ठरतं. त्यापेक्षा जास्त गॅस कुठलंही किट देऊ शकत नाही.

अल्टरनेटर फिरतोच आहे ना?

रविवारी भाचा गाडी घेऊन आला. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडे गिऱ्हाइकाने काढून टाकलेलं असंच एक किट पडलं होतं, ते मी मागून आणलं होतं. अंगणातच बोनेट उघडलं, एसी आणि दिवे बंद ठेवून इंजिन चालू केलं, किटच्या वायरीला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला आणि त्याला म्हटलं, आता फक्त आवाज ऐक. किटचं बटण दाबलं. मीटरवर वीस अँपिअर आले आणि त्याच क्षणी इंजिनचा आवाज दबला, मग सावरला. बटण बंद केलं की इंजिन किंचित मोकळं झालं. तीन-चार वेळा केलं. चौथ्या वेळी तो स्वतःच म्हणाला, "मामा, एसी लावल्यावर होतं तसंच व्हायलंय."

आवाज सावरला तो गॅसमुळे नाही. इंजिनवर ओझं आल्याचं ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या लक्षात आलं, त्याने थ्रॉटल म्हणजे हवेची झडप थोडी उघडली आणि पेट्रोल थोडं वाढवलं.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. विकणारे सांगतात की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र, तर फिरतोच, ती वीज वायाच जाते, आपण फक्त वापरून घेतो. ज्यांनी जुन्या सायकलला डायनामो लावून रात्री पायडल मारलंय त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. गंगाखेडला शाळेत असताना शेतातून घरी यायचो तेव्हा डायनामोची चकती टायरला टेकवली की पाय लगेच जड व्हायचे. आणि दिव्याची वायर निघाली असेल तर तोच डायनामो, तसाच टेकवलेला, पण पाय बरेच हलके. म्हणजे जड करणारं नुसतं फिरणं नव्हतं, त्यातून वीज ओढणं होतं. अल्टरनेटरचं अगदी तसंच आहे. तुम्ही जितकी वीज मागाल तितका तो पट्ट्याला जड जातो, पट्टा इंजिनला जड जातो, आणि इंजिन त्याची भरपाई टाकीतल्या पेट्रोलमधून करतं.

आता मिलीलीटरमध्ये बघा

सहा सेलचं, वीस अँपिअर घेणारं किट धरू. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ व्होल्ट असतात. म्हणजे किट २७६ वॉट वीज खातं. फॅरेडेच्या नियमाने त्यातून तासाला साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघतो. त्यात असलेली ऊर्जा १५० वॉटच्या आसपास भरते. म्हणजे डब्यातच जवळजवळ अर्धी वीज गेली; ती पाणी आणि प्लेटा तापवण्यात जाते, म्हणून हे डबे हाताला गरम लागतात.

पण ती २७६ वॉट वीज आली कुठून? पट्टा आणि अल्टरनेटर मिळून साधारण साठ टक्के कार्यक्षम धरले तर इंजिनला ४६० वॉट द्यावे लागतात. आणि इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी साधारण तीस टक्केच चाकापर्यंत पोचण्याजोगी करतं. उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून जाते. म्हणजे ४६० वॉटसाठी पेट्रोलमधून सुमारे १,५०० वॉट खर्च झाले.

वॉटचं माप डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून ते पेट्रोलच्या मापात बदलून मी भाच्याला दोन भांडी दाखवली. तासाभरात किटसाठी जास्तीचं जळणारं पेट्रोल सुमारे १७० मिलीलीटर, म्हणजे भरलेला मोठा चहाचा कप. त्याच्या बदल्यात मिळणारा हायड्रोजन सुमारे १७ मिलीलीटर पेट्रोलइतक्या ताकदीचा, म्हणजे एक मोठा चमचा. कप ओतायचा आणि चमचा घ्यायचा. किट दहा अँपिअरचं घेतलं तर कपही अर्धा होतो आणि चमचाही अर्धा. वीसऐवजी तीस अँपिअर घेतले तर दोन्ही दीडपट. प्रमाण बदलत नाही.

ताशी साठच्या वेगाने लिटरला पंधरा देणारी गाडी तासाला चार लिटर पेट्रोल पिते. त्या चार लिटरपुढे कपातून चमचा वजा जाता दीडशे मिली जास्त गेलं तर ॲव्हरेज सुमारे अर्ध्या किलोमीटरने खाली येईल. एवढा फरक रस्त्यावर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच किट बसवून तोटा झाला असं सांगणारेही फारसे भेटत नाहीत.

जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: एक लिटर पाण्यात हजार किलोमीटर. हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते अक्षरशः खरं निघतं. असं किट तासाला चाळीस मिली पाणी फोडतं, म्हणजे लिटरभर पाणी पंचवीस तास पुरतं, आणि पंचवीस तासांत गाडी सहज हजाराच्या पुढे जाते. पण त्या लिटरभर पाण्यात हायड्रोजन असतो १११ ग्रॅम, आणि तो सगळाच्या सगळा जाळला तरी सुमारे ४२० मिली पेट्रोलचं काम होतं. लिटरला पंधराच्या हिशेबाने ते सहा किलोमीटर झालं. वीज अगदी फुकट मिळाली असती, आकाशातून आली असती, तरी हजार किलोमीटरमागे सहा किलोमीटर. आणि वीज फुकट नाही.

पाणी हे इंधन नाही, ही गोष्ट आपल्या भागात धरणाच्या उदाहरणाने लगेच कळते. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. वीज मिळते ती पाणी उंचावरून खाली येतं म्हणून. खाली आलेलं पाणी पुन्हा धरणात चढवायचं तर जितकी वीज मिळाली त्यापेक्षा जास्तच लागणार. हायड्रोजन ऑक्सिजनशी जळून त्याचं पाणी झालं, तेव्हाच त्याची ऊर्जा निघून गेली. पाणी म्हणजे जळून झालेली राख समजा. तिला पुन्हा लाकूड करायचं तर सगळी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते, वर घट सोसावी लागते.

'हायड्रोजन इंधन म्हणून नाही, ज्वलन सुधारण्यासाठी'

हिशेब मांडला की जाणते विक्रेते इथे वळतात. हायड्रोजन थोडाच असला तरी पेट्रोल पूर्ण जाळतो, एरवी कितीतरी पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून जातं, असं ते म्हणतात. हे म्हणणं नीट तपासायला हवं, कारण त्यात खऱ्याचा अंश आहे. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीपेक्षा कितीतरी पट वेगाने पसरते. १९७० च्या दशकात नासाच्या प्रयोगशाळांनी पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून इंजिनं चालवून पाहिली आहेत. दिल्लीत २०२० मध्ये बसवर सीएनजीत हायड्रोजन मिसळून चाचणी झाली. पण त्या मिश्रणात हायड्रोजन १८ टक्के होता, आणि तो गाडीच्या अल्टरनेटरवर तयार केलेला नव्हता.

आपलं किट मिनिटाला सव्वा लिटर गॅस देतं, त्यात हायड्रोजन लिटरपेक्षा कमीच. बाराशे सीसीचं इंजिन त्याच मिनिटात सहा-सातशे लिटर हवा ओढतं. हजारात एक भाग. हायड्रोजन हवेत ठिणगीने एकटा पेटायलाही किमान चार टक्के लागतो. हजारात एक भागाने ज्योतीचा वेग कुठून बदलणार?

आणि न जळलेलं पेट्रोल म्हणाल, तर नीट चालणाऱ्या इंजिनात आत गेलेल्या पेट्रोलपैकी ९८ टक्क्यांच्या आसपास सिलिंडरमध्येच जळतं. उरलेल्या दोन टक्क्यांतून पंचवीस-तीस टक्के बचत निघू शकत नाही. पेट्रोलमधली सत्तर टक्के ऊर्जा वाया जाते हे खरं, पण ती न जळल्यामुळे नाही. जळून झालेली उष्णता चाकाकडे वळवता येत नाही म्हणून. हायड्रोजन घातल्याने रेडिएटर थंड पडत नाही.

काही किटसोबत एक चिप येते, आणि माझ्या मते खरा धोका तिच्यात आहे. सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो ईसीयूला सांगतो, आणि त्यावरून पेट्रोल किती टाकायचं ते ठरतं. विकणारे म्हणतात की किटमधून वरचा ऑक्सिजन आला की सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. हे थांबवायला ती चिप सेन्सरचा सिग्नल बदलते, ईसीयूला खोटं सांगते, आणि पेट्रोल कमी पडू लागतं. आता काही दिवस ॲव्हरेज थोडं वाढलेलं दिसूही शकतं! पण ती करामत हायड्रोजनची नाही, इंजिन उपाशी ठेवल्याची आहे. मिश्रण असं पातळ राहिलं तर पिकअप बसतो, नॉकिंग सुरू होऊ शकतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात. बीएस-६ गाडीत डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो तो वेगळाच. इंजिनकामाचं बिल आलं की अठरा हजार परवडले म्हणायची वेळ येते.

दुसरा धोका कॉस्टिकचा. अल्कली ॲल्युमिनियमला खाते, आणि थ्रॉटल बॉडी, पिस्टन हे सहसा ॲल्युमिनियमचे. बबलर नीट नसला की कॉस्टिकचे तुषार गॅसबरोबर आत जातात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, बोनेटखाली कितीतरी जास्त. त्यात करंटने तापणारा डबा, वाफ धरणारं पाणी. काही जण कॉस्टिक मिळालं नाही म्हणून मीठ टाकतात. ते तर करूच नका, मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो, तो विषारी आहे. आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचं हे मिश्रण जळायला बाहेरची हवासुद्धा लागत नाही. कुठे साठलं आणि एक ठिणगी मिळाली की स्फोटच होतो. स्टॉलवरची ती फट्ट डब्याच्या आत झाली तर काय होईल, याचा विचार करा.

कागदांचं थोडक्यात. सीएनजी किट बसवताना मंजूर किट लागतं आणि आरटीओत आरसीवर नोंद होते. गाडीत परवानगीशिवाय केलेल्या बदलांवर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने मनाई असलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून विक्रेत्याकडे एकच कागद मागा: पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं, तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठीचं मंजुरीपत्र. नुसतं आयएसओचं प्रमाणपत्र, ट्रेडमार्क किंवा पेटंटचा अर्ज म्हणजे ॲव्हरेज वाढल्याचा पुरावा नव्हे. वॉरंटीतली गाडी असेल तर शोरूमला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

पाण्यावर गाडी चालवण्याचं आश्वासन जुनं आहे. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये स्टॅन्ली मायर नावाच्या माणसाने पाण्यावर चालणारी म्हणून एक छोटी मोटारगाडी दाखवून पैसे गोळा केले होते. १९९६ मध्ये न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली आणि दोन गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करायला लावले. त्याच वर्षी आपल्या देशात तामिळनाडूच्या रामर पिल्लई यांचं वनस्पतींचं पेट्रोल गाजत होतं. २०१६ मध्ये चेन्नईच्या सीबीआय न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. दोन्हीकडे प्रात्यक्षिक पाहून लोकांचा विश्वास बसला होता.

मग लोकांना फरक का जाणवतो?

लोक खोटं बोलत नाहीत. अठरा हजार घातलेला माणूस त्या दिवसापासून ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवतो. किट बसवणारा मेकॅनिक जाता जाता एअर फिल्टर साफ करतो, टायरमध्ये हवा भरतो. शिवाय टाकी फुल करताना एका पंपावर नोझल आपोआप आधी बंद होतं, दुसरीकडे उशिरा. त्यात दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. एका टाकीच्या मापावर पाच किलोमीटर वाढलेले दिसणं काही अवघड नाही.

ज्याला खात्रीच करायची आहे त्याने अशी करावी. किट बसवलेल्या गाडीत त्याचं बटण चालकाला दिसणार नाही असं ठेवायचं, आणि दुसऱ्या माणसाने ते कधी चालू कधी बंद करून वहीत लिहायचं. चालकाला सांगायचं नाही. रस्ता एकच, संभाजीनगर ते जालना म्हणा, जाऊन-येऊन, म्हणजे वारा आणि चढ-उतार दोन्ही बाजूंनी सारखे. वेग ठरवून, एसी बंद, त्याच पंपावर त्याच नोझलने टाकी भरायची. अशा निदान आठ-दहा फेऱ्या, आणि वही शेवटी उघडायची. विक्रेत्याला म्हणा, या परीक्षेत पाच किलोमीटर निघाले तर मी दुप्पट पैसे देतो. भाच्याने फोन करून हेच विचारलं. तिकडून उत्तर आलं की ऑफर उद्यापर्यंतच आहे.

त्या रविवारी आम्ही त्याची गाडी जॅकवर घेतली. मागचं डावं चाक हाताने फिरेना. ड्रम उघडला तर ब्रेक शू चिकटलेले, धूळ आणि गंज साचून व्हील सिलिंडर परत येत नव्हता. म्हणजे गाडी कितीतरी महिने अर्धा ब्रेक दाबून चालत होती. पुढच्या दोन टायरमध्ये हवा चोवीस, हवी तेहतीस. किट घेऊन खर्च झाला असता त्याच्या दहाव्या हिश्शात हे काम झालं. आणि वेगाचं त्याला सांगितलं: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, समृद्धीवर शंभरऐवजी ऐंशीने गेलास तर तो ३६ टक्क्यांनी कमी होतो.

हायड्रोजनवर माझा राग नाही. टोयोटाची मिराई हायड्रोजनवर साडेसहाशे किलोमीटर जाते, पण तिच्या टाक्यांत ७०० बार दाबाने साडेपाच किलोहून जास्त हायड्रोजन भरलेला असतो, आणि तो गाडीबाहेरच्या विजेवर बनवता येतो. आपल्या डब्याला एक किलो हायड्रोजन बनवायला न थांबता नऊ दिवस लागतील.

ज्यांनी किट आधीच बसवलं आहे त्यांच्यासाठी. आधी सेन्सरवरची चिप काढून मूळ वायरिंग पूर्ववत करून घ्या. किटचा फ्यूज काढा, मग इनटेकला गेलेली नळी काढून ते भोक नीट बंद करा, नाहीतर धूळ फिल्टर न होता इंजिनमध्ये जाईल. डबा रिकामा करताना रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, जवळपास विडी-सिगारेट नको. आतलं पाणी दिसायला साधं दिसतं, पण त्याने डोळा जातो. ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ओतून शेडमध्ये ठेवू नका, पोरांच्या हाताला लागेल.